वारा, झोके आणि मुळे: गवतवर्गीय पिकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी, रायबाग आणि अथणी या सीमाभागातल्या शिवारांना वाऱ्याचा मार वर्षातून साधारण तीन वेळा बसतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाबरोबर येणारा सोसाट्याचा वारा उभा ऊस आणि उन्हाळी मका झोडपून काढतो. जून ते ऑगस्ट या काळात नैऋत्येचा वारा भाताच्या आणि नाचणीच्या कोवळ्या रोपांना दिवसरात्र झुलवत राहतो. आणि परतीच्या पावसात दाण्याने जड झालेले भात एका रात्रीत आडवे होते. पीक लोळले की दोष वाऱ्याला दिला जातो. परंतु पिकाची मातीवरची पकड बांधली जाते ती पीक लहान असताना, आणि त्या आठवड्यांत बुंध्याशी झालेल्या कामाचा परिणाम पुढे काढणीपर्यंत टिकतो. खालील उत्तरे या दृष्टीने वाचावीत.

भात, ऊस, मका, ज्वारी यांची मुळे इतर झाडांपेक्षा वेगळी कशी असतात?

ही सर्व पिके, तसेच गहू, नाचणी, बाजरी आणि बांधावरची हरळी, गवत कुळातील आहेत. आंब्याला किंवा तुरीला एक जाड सोटमूळ असते आणि बाकीची मुळे त्यालाच फुटतात. गवतांना तसे सोटमूळ नसते. बी रुजताना निघणारी पहिली मुळे बारीक असतात आणि ती रोपाला सुरुवातीचे पाणी पुरवतात. उभे राहण्याचा खरा आधार मिळतो तो खोडाच्या तळाशी, जमिनीलगतच्या पेऱ्यांवरून एकामागून एक वेढ्यांनी निघणाऱ्या जाड मुळांमुळे. प्रत्येक फुटवा स्वतःची अशी मुळे काढतो, म्हणून चांगला फुटलेला भाताचा चूड उपटताना जड जातो. पेऱ्यावरून नवी मुळे काढण्याची ही क्षमता गवताच्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन आहे, आणि वाऱ्याला ते जे उत्तर देते ते मुख्यतः याच साधनाने देते.

वारा वर वाहतो. त्याचा ताण मुळांपर्यंत कसा पोहोचतो?

वारा पानांना आणि कणसाला ढकलतो, आणि तो जोर जितक्या उंचीवर लागतो तितकी त्याची तरफ मोठी होते, त्यामुळे सर्वाधिक वाकवणारा ताण बुंध्यापाशी, जमिनीच्या पातळीला, येऊन पडतो. ताठ वस्तूवरचा वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. गवताची पाने वाऱ्याबरोबर मिटतात आणि खोड झुकते, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ याहून कमी असते, परंतु सोसाट्याचा एक झटका तासभर वाहणाऱ्या मंद वाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा असतो हे त्यातून समजते. शिवाय पीक वाऱ्यात झुलते, आणि झटक्यांची लय पिकाच्या झुलण्याच्या लयीशी जुळली तर झोका अधिक मोठा होतो.

बुंध्यापाशी आलेला हा ताण मुळे दोन प्रकारे पेलतात. मांडवाच्या एका बाजूला ताणाच्या दोऱ्या आणि दुसऱ्या बाजूला टेकू असावेत तसे येथे घडते: वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळे ओढली जातात आणि मातीतून निसटू नयेत यासाठी धरून ठेवतात, तर विरुद्ध बाजूची मुळे दाबली जातात, वाकतात आणि खाली मातीत रुतून बसतात. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात रोलंड एनॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात गहू आणि मका यांच्या पकडीचे मोजमाप केले, तेव्हा मक्यात हीच विभागणी दिसून आली. ताणाच्या बाजूला मूळ निसटू न देण्याची ताकद लागते आणि दाबाच्या बाजूला मुळाचा जाडपणा व ताठपणा उपयोगी पडतो. केवळ लांब आणि बारीक मुळे पाणी आणतात, परंतु ती पिकाला उभे धरू शकत नाहीत.

वाऱ्यात झुलणाऱ्या रोपाची मुळे खरोखर अधिक बळकट होतात का?

होतात, मात्र झोका पेलण्याइतका असावा लागतो. आधार देऊन हलू न दिलेला गहू आणि मोकळ्यावर झुलणारा गहू यांची तुलना एनॉस यांच्या गटाने केली, तेव्हा झुलणाऱ्या गव्हाची खालची खोडे आणि पकडीची मुळे अधिक मजबूत भरली. मक्याची रोपे नियमितपणे वाकवण्याच्या प्रयोगांतही मुळांचा ताठपणा वाढल्याचे आढळले आहे. झुलणाऱ्या रोपाची उंची थोडी कमी राहते, खालची कांडी आखूड आणि भक्कम होतात, आणि अन्नाचा काही वाटा शेंड्याऐवजी बुंध्याकडे व मुळांकडे वळतो. वनस्पतींच्या या वर्तनाला मार्क जॅफी यांनी 1973 मध्ये थिग्मोमॉर्फोजेनेसिस असे नाव दिले. झाडांच्या बाबतीत ही गोष्ट त्याहूनही आधी ध्यानात आली होती. थॉमस अँड्र्यू नाइट यांनी 1803 मध्येच दाखवून दिले होते की सफरचंदाच्या रोपाला एकाच दिशेने हलू दिले तर त्याचे खोड त्याच दिशेने अधिक जाड होते.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. वारा पिकाला केवळ हलवत नाही, तर सुकवतोही, आणि पाने एकमेकांवर घासून पानांवरचा मेणचट थर झिजवतो. जॉन ग्रेस यांनी 1970च्या दशकात गवतांवर केलेल्या प्रयोगांत वाऱ्यामुळे पानांतून होणारी पाण्याची गळती वाढल्याचे दिसले. म्हणून अथणीकडच्या कोरड्या, उष्ण वाऱ्यात वाढलेले रोप आणि खानापूरच्या दमट वाऱ्यात वाढलेले रोप यांना एकच नियम लावता येत नाही. पहिल्याला झोक्याचा लाभ मिळण्याआधी पाण्याची उणीव भासते, आणि मूळ वाढण्यासाठीही पाणी लागतेच.

रोपाला वारा कळतो तरी कसा?

पेशीचे आवरण ताणले गेले की त्यातील सूक्ष्म दारे उघडतात आणि काही क्षणांत कॅल्शियमचा लोंढा पेशीत शिरतो. रोपासाठी हा पहिला इशारा असतो. त्यानंतर ऑक्झिन, इथिलिन आणि जॅस्मोनेट या संप्रेरकांचा समतोल बदलतो. जेनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांचे 1990 मधील काम या विषयात महत्त्वाचे मानले जाते. मोहरीच्या कुळातील एका लहान वनस्पतीवर संप्रेरकांची फवारणी करून कोणती जनुके जागी होतात ते ते पाहत होते, आणि नुसत्या पाण्याच्या फवारणीनेही तीच जनुके अर्ध्या तासाच्या आत जागी झाल्याचे त्यांना आढळले. म्हणजे परिणाम औषधाचा नव्हता, थेंबांच्या स्पर्शाचा होता. पावसाचा थेंब, गुराचा धक्का आणि वाऱ्याचा झोका या सर्वांची दखल रोप घेत असते.

अन्न मुळांकडे वळले तर उत्पन्न घटणार नाही का?

काही प्रमाणात घटू शकते. सतत जोराच्या वाऱ्यात वाढलेले पीक ठेंगणे राहते, पानांचा पसारा कमी होतो आणि फुलोरा उशिरा येण्याचीही शक्यता असते. परंतु उभ्या पिकातली किंचित घट आणि आडव्या पिकातले नुकसान यांची बरोबरी होत नाही. दाणे भरत असताना भात लोळले तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही, दाणे पोचट राहतात, लोंब्या ओल्या मातीला टेकून दाण्यांना कोंब फुटतात आणि कापणीची मजुरी वाढते. आडव्या उसात उंदीर लागतात, डोळे फुटून पांगशा निघतात आणि साखरेचा उतारा घसरतो.

गेल्या शतकात पैदासकारांनी हाच हिशेब खोडाच्या उंचीच्या बाजूने सोडवला. नोरिन 10 या जपानी गव्हाचा ठेंगणेपणा नॉर्मन बोरलॉग यांनी आपल्या वाणांत आणला आणि 1966 मध्ये आयआर 8 हे ठेंगणे भात आले. उंची कमी झाल्यामुळे तरफ लहान झाली आणि नत्राची मोठी मात्रा पेलणे शक्य झाले. मुळांच्या बाजूचे काम त्यामानाने मागे राहिले, कारण जमिनीखालचे मोजणे अवघड असते. बेळगावकडे अजूनही आवडीने लावले जाणारे उंच, सुवासिक भात ज्यांच्याकडे आहे, त्यांना तर उंचीचा दिलासा नाहीच. त्यांनी पकडीकडे दुप्पट लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते.

पीक मोडून पडले की मुळासकट कलले, हे कसे ओळखावे?

पडलेल्या ताटाच्या बुंध्याशी बसून पाहावे. खोड खालच्या कांड्यात दुमडलेले किंवा चिरलेले असेल आणि बुंधा मातीत सरळ असेल, तर दोष खोडाचा आहे. खोड सरळ, न दुमडलेले असेल आणि बुंध्यापासूनच संपूर्ण ताट कलले असेल, तर पकड सुटलेली आहे. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः काळ्या जमिनीत, वाऱ्याच्या रात्रीनंतर एक खूण हमखास दिसते. वारा ज्या बाजूने आला त्या बाजूला बुंधा आणि माती यांच्यामध्ये बोट जाईल एवढी लांबट फट पडलेली असते, तिच्या कडा बुंध्याने घासून गुळगुळीत झालेल्या असतात, आणि आत वाकून पाहिले तर एक-दोन पांढरी मुळे सालीपासून सोललेली दिसतात. ताट अजून उभे असताना ही फट दिसली तर ती त्याच दिवशी भुसभुशीत मातीने भरून टाचेने हलके दाबावी. पुढच्या पावसाचे पाणी त्या फटीत साचू दिले तर बुंध्याभोवतालचा चिखल ताटाला धरून ठेवू शकत नाही.

ज्वारीत मोडून पडण्याचे एक वेगळे कारण असते. दाणे भरताना पाण्याचा ताण बसला की खडखड्या रोगाची बुरशी बुंध्याचा गाभा पोखरते आणि किरकोळ वाऱ्यानेही ताट मोडते. बुंधा उभा चिरल्यावर आत काळपट भुकटी आणि सुटे धागे दिसले तर रोगाचा उपाय शोधावा, वाऱ्याचा नव्हे.

पावसाबरोबर आलेल्या वाऱ्यातच पीक का पडते?

कारण पकडीतला अर्धा वाटा मातीचा असतो. गव्हाच्या लोळण्यावर ब्रिटनमध्ये मांडल्या गेलेल्या गणितात मुळांची पकड दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: मातीची कापली न जाण्याची ताकद, आणि बुंध्याभोवती ताठ मुळांनी धरलेल्या मातीच्या गड्ड्याच्या रुंदीचा घन. ओल वाढली की पहिली गोष्ट झपाट्याने घसरते. पाऊस खोडाला आणि कणसालाही जड करतो, म्हणजे एकाच वेळी ओझे वाढते आणि पाया सैल होतो. दुसऱ्या गोष्टीत मात्र शेतकऱ्याच्या बाजूने मोठी संधी आहे. रुंदीचा घन धरायचा असल्यामुळे गड्डा चौथ्या हिश्शाने रुंद झाला तर पकड जवळजवळ दुप्पट होते. आधारमुळे थोडी अधिक बाहेर पसरावीत एवढ्यासाठी केलेले काम इतके फळ देते, याची जाणीव शेतीच्या सल्ल्यात फार कमी दिसते.

भाताच्या खाचरात याचा सरळ उपयोग होतो. फुटवे पुरेसे आल्यावर खाचरातले पाणी काही दिवस काढून माती आवळू देण्याची जपानी शेतकऱ्यांची पद्धत आहे आणि लोळणे टाळणे हा तिचा एक हेतू आहे. खानापूरच्या भर पावसात हे नेहमी जमत नाही हे उघड आहे, परंतु उघडीप मिळाली की बांधाचे तोंड मोकळे करण्यास कचरू नये. जमिनीला केसासारख्या बारीक भेगा पडू लागल्या की पाणी पुन्हा घ्यावे. त्याहून अधिक सुकू दिल्यास मुळे तुटतात.

वाकलेल्या गवताचे पेर मातीला टेकले की तेथे मुळे का फुटतात?

दक्षिण कोरियातील संशोधकांनी 2020 मध्ये ब्रॅकिपोडियम या गव्हाच्या नात्यातील लहान गवतावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाऱ्याने झुकलेल्या रोपांनी पानांच्या पेऱ्यांवरून नवी मुळे काढली आणि स्वतःला पुन्हा धरून ठेवले. मग त्यांनी वाऱ्याच्या परिणामाचे भाग वेगळे करून पाहिले: मुळे निघण्याचे कारण तळाशी येणारे वाकणे आहे, की पेऱ्याला होणारा मातीचा स्पर्श आहे? उत्तर स्पर्शाच्या बाजूने आले. मातीचे कण पेऱ्याला लागले की ऑक्झिनला प्रतिसाद देणारी जनुके तेथे जागी होतात आणि मूळ फुटू लागते.

मला हा निष्कर्ष आपल्या भागासाठी फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे उसाला आणि मक्याला भर लावण्याची, म्हणजे बुंध्याशी माती चढवण्याची, चाल पिढ्यान्‌पिढ्या आहे. भरीमुळे बुंध्याला टेकू मिळतो असे सहसा सांगितले जाते, आणि ते बरोबरच आहे. परंतु प्रयोग एका गवतावर झालेला असला तरी त्याने दाखवलेली दिशा स्पष्ट आहे: पेऱ्याला लागलेली ओलसर माती ही नव्या मुळांना मिळालेली चालना असते. त्यामुळे भर बुंध्याला चिकटून, ढेकळे न राहता, मोकळ्या आणि ओलसर मातीची असावी. दोन ढेकळांमध्ये पोकळी राहिली तर त्या पोकळीतले पेर कोरडेच राहते.

उसाला भर केव्हा लावावी, आणि वाऱ्याशी तिचा काय संबंध?

उसाच्या टिपरीवरच्या (लावणीसाठी तोडलेल्या तुकड्यावरच्या) मूळपट्ट्यातून निघणारी पहिली मुळे बारीक असतात आणि काही आठवडेच टिकतात. पुढे प्रत्येक कोंब आपल्या तळाच्या पेऱ्यांवरून स्वतःची मुळे काढतो. त्यांत तीन प्रकार दिसतात: वरच्या थरात पसरणारी फांद्याळ मुळे, तिरकी खाली जाऊन टेकू देणारी जाड पांढरी मुळे, आणि दोरखंडासारखी एकत्र सरळ खोल उतरणारी मुळे. वाऱ्याविरुद्ध पहिली फळी दुसऱ्या प्रकारच्या मुळांची असते.

म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास हलकी बाळबांधणी आणि सोळा ते अठरा आठवड्यांच्या सुमारास मोठी बांधणी ही कामे वेळेवर होणे महत्त्वाचे आहे. मोठी बांधणी लांबली की वरंबा फोडताना पसरलेली मुळे तुटतात आणि त्याच पंधरवड्यात पावसाळी वारा सुरू होतो. अशा उसाला पकड पुन्हा बांधायला वेळच मिळत नाही. निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत जून उजाडण्याआधी हे काम उरकणे हिताचे, कारण एकदा पाऊस लागला की वापसा, म्हणजे काम करण्याजोगी बेताची ओल, येईपर्यंत शेतात पाऊल टाकता येत नाही.

ऊस पडण्यामागे हुमणीही असू शकते. वाळणारे बेट हाताने सहज उपसून येत असेल आणि मुळे कुरतडलेली असतील, तर खाली पांढऱ्या अळ्या नक्की शोधाव्यात. तेथे वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो.

मक्याच्या जमिनीवरच्या मुळांचा खरा उपयोग किती?

बराच. मक्याच्या खालच्या पेऱ्यांवरून हवेत निघालेली आधारमुळे जांभळट किंवा हिरवट, जाड दिसतात आणि पावसाळी सकाळी त्यांच्या टोकाशी चिकट, पारदर्शक द्रव चमकताना दिसतो. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी ही मुळे वेढ्यावेढ्याने कापून ताट किती झुकते ते मोजले. कापत जावे तशी पकड घटत गेली, आणि सर्वांत मोठा वाटा जमिनीच्या सर्वांत जवळच्या वेढ्याचा निघाला. जमिनीत पोहोचलेले मूळच उपयोगी. हवेत लोंबणारा वरचा वेढा पकडीत फारशी भर घालत नाही. कोळपणीच्या वेळी माती बुंध्याकडे ओढून तो वेढा जमिनीत घेता आला तर अवश्य घ्यावा, आणि गुडघाभर मक्यात कोळपे बुंध्याला खेटून चालवू नये.

कोरड्या मातीत शाळूची (रब्बी ज्वारीची) रोपे वाऱ्याने गरगरतात आणि मोडतात, ते कशामुळे?

बी कितीही खोल पडले तरी ज्वारी आणि मका यांच्या पेऱ्यांवरची मुळे जमिनीच्या पृष्ठभागाखाली साधारण दोन सेंटीमीटरवरूनच निघू लागतात, कारण उगवणाऱ्या कोंबाला उजेड लागला की खालचा दांडा लांबायचा थांबतो आणि पेर तेथेच स्थिरावते. रब्बीत अथणी-रायबागच्या जमिनीत खाली ओल भरपूर असते, पण वरचे दोन-तीन बोटांचे थर वाळलेले असतात. नवे मूळ त्या कोरड्या थरात निघते आणि टोक वाळून थांबते. रोप हिरवे दिसते, कारण पहिली मुळे खालून पाणी देत असतात, परंतु ते उभे असते एका बारीक दांड्यावर. वारा सुटला की ते स्वतःभोवती फिरते आणि दांडा पिळवटून तुटतो. अशा वेळी हलक्या कोळप्याने ओळीतल्या रोपांकडे माती सारावी, आणि पाण्याची सोय असेल तर एक हलके पाणी नेमके याच काळात द्यावे. पुढच्या दोन पाण्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

रोपे मुद्दाम वाकवणे किंवा तुडवणे फायद्याचे ठरते का?

ठराविक वयात आणि ठराविक पिकांत ठरते. जपानमध्ये हिवाळ्यात गव्हाची आणि सातूची कोवळी रोपे पायांनी तुडवण्याची मुगिफुमी नावाची जुनी चाल आहे. जमिनीतली ओल गोठल्याने उचलली गेलेली माती त्याने पुन्हा बसते, मुळे मातीशी घट्ट होतात, फुटवे वाढतात आणि रोप उंच होण्याऐवजी बसके राहते. आपल्याच कर्नाटक राज्यात, हावेरी जिल्ह्यात, नाचणीची गुळी पद्धत आहे. चौकोनी अंतरावर लावलेल्या नाचणीवरून कोरडू नावाचे लाकडी औत वेगवेगळ्या दिशांनी ओढतात, त्याने रोपे वाकतात, बुंध्याशी माती लागते, आणि मुळे व फुटवे दोन्ही वाढतात. खानापूर आणि चंदगडच्या बाजूला नाचणी घेणाऱ्यांनी एका वाफ्यावर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

अट एवढीच की वाढीचा कोंब अजून जमिनीलगत असावा, माती वापशावर असावी आणि दोन वेळांमध्ये रोपाला सावरायला अवधी मिळावा. वारंवार वाकवत राहिल्याने परिणाम वाढत जात नाही. ऊतींना सवय होते आणि प्रतिसाद मंदावतो. कांडी सुटू लागल्यावर हे केल्यास ताट मोडते. ओली जमीन तुडवल्यास ती फक्त दबून बसते.

माती घट्ट असेल तर मुळांची पकड चांगली नसते का?

बुंध्याभोवतीची माती आवळलेली असणे आणि संपूर्ण थर कठीण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मातीचा विरोध साधारण 2 मेगापास्कलच्या पुढे गेला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ फार मंदावते. मूळ जाड होते, टोक बोथट होते आणि ते आडवे वळते. यामागे केवळ मातीचा कठीणपणा नाही, हे 2021 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातील बिपिन पांडे, माल्कम बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मूळ नेहमीच थोडा इथिलिन वायू सोडत असते. मोकळ्या मातीतून तो निघून जातो, दाबलेल्या मातीत मुळाभोवती साठतो आणि मूळ स्वतःच वाढ थांबवते. ज्या भाताला इथिलिनची जाणीव होत नव्हती, त्याची मुळे दाबलेल्या मातीतही खाली शिरली.

वर्षानुवर्षे चिखलणी केलेल्या खाचरात नांगराच्या तळाखाली असा कठीण थर तयार होतो. भातासाठी तो पाणी धरतो, परंतु त्याच रानात पुढे मका किंवा गहू घेतला तर मुळे त्या थरावर सपाट पसरतात आणि जोराच्या वाऱ्यात गड्डा खालून सुटतो. ओल्या रानात ट्रॉली घालणे शक्य तेथे टाळावे.

दाट लावण आणि युरिया यांचा वाऱ्याशी संबंध आहे का?

आहे, आणि तो दुहेरी आहे. दाट पिकात रोपे एकमेकांचा वारा अडवतात, त्यामुळे प्रत्येक रोपाला लहानपणी मिळणारे झोके कमी होतात. शेजारच्या पानांवरून आलेल्या बदललेल्या प्रकाशामुळे ती उंच धावतात आणि खालच्या कांड्यांना ऊन न मिळाल्याने ती पातळ, लांबट राहतात. आधारमुळांनाही अन्नाचा वाटा कमी मिळतो. त्यावर युरियाचा भारी हप्ता एकदम पडला की पानांची गर्दी आणखी वाढते आणि पेशींच्या भिंती पुरेशा जाड होत नाहीत. पीक बाहेरून काळेभोर, देखणे दिसते. नत्र विभागून द्यावे, पालाश टाळू नये, आणि भातासारख्या सिलिका घेणाऱ्या पिकात तूस, त्याची राख किंवा पेंढा रानातच परत जाईल असे पाहावे.

पडलेले पीक पुन्हा उभे राहते का? बांधून उभे करावे का?

कोवळे असेल तर बऱ्याच अंशी राहते. गवतांच्या पेऱ्यापाशी एक फुगीर पट्टा असतो. ताट आडवे झाले की त्याच्या खालच्या बाजूच्या पेशी लांबतात आणि वरचा भाग उभा वळतो. म्हणून कललेला मका काही दिवसांत बुंध्याशी वाकडा आणि वर सरळ दिसतो. पेर जून झाल्यावर ही क्षमता संपते. कोवळा मका हाताने ओढून उभा करू नये, कारण त्या ओढीत उरलेली मुळे तुटतात. बुंध्याला माती लावून त्याला त्याच्या गतीने उठू द्यावे. ऊस मोठा असेल तर समोरासमोरच्या ओळींतील ताटे त्यांच्याच पाचटाने एकत्र बांधणे योग्य ठरते, पण ते वादळाआधी. पिकलेल्या भाताला मात्र उभे करण्यापेक्षा पाणी काढून लवकर कापणे शहाणपणाचे.

बांधावर वारा अडवणारी झाडे किंवा गवत लावावे का?

कोरड्या वाऱ्याच्या पूर्व पट्ट्यात अवश्य लावावे. तेथे पाणी वाचवणे हा मोठा लाभ आहे, आणि विरळ कुंपण वाऱ्याचा वेग कमी करते पण झोका पूर्ण बंद करत नाही. भिंतीसारखे दाट कुंपण टाळावे, कारण त्याच्या मागे वारा भोवऱ्यासारखा उतरतो आणि पिकाला वरून झोडपतो. पश्चिमेच्या उतारांवर बांध धरून ठेवण्यासाठी वाळा लावावा. त्याची मुळे आडवी पसरून पिकाचे खाद्य खात नाहीत, सरळ खाली कित्येक मीटर उतरतात.

आपल्या पिकाची पकड घरच्या घरी कशी तपासावी?

फुटवे येऊन गेल्यावर, पाऊस होऊन वापसा आला की, शेताच्या मधली आणि कडेची काही ताटे निवडावीत. प्रत्येक ताट गुडघ्याच्या उंचीवर धरून एका बाजूला हळूहळू ढकलावे आणि सोडावे. पकड चांगली असेल तर ताट परत येते आणि बुंध्याभोवतीची माती हलत नाही. माती उचलली जात असेल तर एक ताट कुदळीने रुंद घेरातून खणून काढावे, पाण्यात बुडवून माती सुटू द्यावी आणि ओल्या गोणपाटावर पसरावे. जाड मुळे किती वेढ्यांनी निघाली आहेत, ती सगळ्या बाजूंनी आहेत की एकाच बाजूला, आणि ताठ राहणारा भाग बुंध्यापासून किती बोटे बाहेर जातो, हे पाहावे. कडेची ताटे मधल्यांपेक्षा मजबूत निघाली तर लावण दाट झाली आहे. मुळे एका पातळीवर आडवी वळली असतील तर खाली कठीण थर आहे. आणि वरचे वेढे कोरडे, आखूड राहिले असतील तर भर अजून लावता येण्याजोगी आहे का ते त्याच दिवशी ठरवावे.